फ्लँजचा सिलिंडर उलगडत का नाही?

पत्र्याचा सिलिंडर कॅडमध्ये काढताना सांध्यावर बारीकशी फट ठेवली, की सॉफ्टवेअर त्याचा सपाट उलगडा देतं. बाहेरचा व्यास 300 मिमी, पत्रा 2 मिमी आणि तटस्थ रेषा जाडीच्या मधोमध धरली, तर लांबी साधारण 936 मिमी. त्याच्या गोल कडेला बाहेर वळणारा 25 मिमीचा फ्लँज जोडायला जावं, तर बहुतेकदा एरर येते आणि बोल सॉफ्टवेअरला लागतो. खरं तर ते बरोबरच असतं. फ्लँजच्या बाहेरच्या कडेचा व्यास 350 मिमी होतो, म्हणजे तिथला पत्रा सुमारे 17 टक्के ताणला जायला हवा. शीट मेटलचं गणित मात्र पत्रा फक्त वाकतो असं धरून चालतं.

‘रिव्हॉल्व्ह’ने हाच आकार क्षणात निघतो, हे खरं. पण ते नुसतं दिसायला. लेझर कटिंगला देण्याजोगा उलगडा त्यातून मिळत नाही. डक्टवाले मशीनवर कडा वळवतातच की, असंही कुणी म्हणेल. वळवतात, कारण तो फ्लँज अरुंद असतो आणि धातू तेवढा ताण सोसतो. पत्रा किती जादा घ्यायचा, हे मात्र प्रत्यक्ष चाचणीवरून ठरतं. रुंद फ्लँज हवा असेल, तर सपाट रिंग वेगळा पार्ट म्हणून काढा आणि असेंब्लीत वेल्डने जोडा.