हात लावायचं रान (गावाशेजारचं रान : भाग 6)

खानदेशातल्या डोंगरउतारांवर रोशा नावाचं गवत उगवतं. पावसाळा सरताना त्याला तुरे येतात, आणि एक तुरा बोटांत चुरगळला की गुलाबाच्या अगदी जवळचा वास हाताला लागतो. हा वास जिरॅनिऑल या द्रव्याचा, आणि ते गुलाबातही असतं. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, नंदुरबार, तळोदा, शहादा या पट्ट्यात या गवताचं तेल भट्ट्या लावून काढलं जाई. मुंबई बंदरातून ते तांबड्या समुद्राच्या वाटेनं तुर्कस्तानपर्यंत जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. 1880 च्या खानदेश गॅझेटियरमध्ये या तेलाची नोंद आहे. ज्या वासावर इथल्या माणसांनी एके काळी पोट भरलं, तो आज खानदेशातल्या किती मुलांना डोळे मिटून ओळखता येईल?

मागच्या भागात आपण नगर वन योजना पाहिली. 5 जून 2020 ला, पर्यावरण दिनी, पुण्यातल्या वारजे इथल्या टेकडीवरचं वन देशापुढे नमुना म्हणून ठेवलं गेलं आणि शहराशहरांत अशी वनं उभी करण्याची घोषणा झाली. आपल्या जिल्ह्यात जळगावच्या मोहाडी रस्त्यावर वन विभागाचं लांडोरखोरी वनोद्यान आहे. जामनेरला सोनबर्डीची टेकडी आहे. अशा जागांचा एखादा कोपरा अंध मुलांसाठी, चाकाच्या खुर्चीतल्या माणसासाठी, स्वमग्न मुलासाठी, विसराळू झालेल्या आजोबांसाठी कसा घडवता येईल, हा या भागाचा विषय आहे. अशा कोपऱ्याला संवेदना उद्यान म्हणतात. तिथली झाडं, वाटा, दगड, पाणी हे सगळं स्पर्श, वास, आवाज आणि चव डोळ्यासमोर ठेवून निवडलेलं असतं. नुसतं दिसायला छान, एवढं तिथे पुरत नाही.

कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन वनस्पती उद्यानात 1955 साली अ‍ॅलिस आयरिस या उद्यानरचनाकार बाईंनी अंध लोकांसाठी सुगंधी बाग आखली. आपल्याकडे दिल्लीत 2003 मध्ये पंचेंद्रियांची बाग उघडली. ती देखणी आहे, पण तिचा रोख मुख्यतः फिरायला येणाऱ्यांकडे आहे. राष्ट्रपती भवनाच्या आवारात स्पर्श उद्यान आहे, आणि केरळात कालिकत विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात दृष्टिहीनांसाठी हात लावून पाहायची बाग आहे. यांतलं केरळचं उदाहरण मला आपल्यासाठी सगळ्यात उपयोगी वाटतं, कारण ते एका विद्यापीठानं आपल्या आवारात, आपल्याकडच्या झाडांसह केलेलं काम आहे.

याचा उपयोग खरंच होतो का? रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकानं 1984 साली ‘सायन्स’ नियतकालिकात एक छोटा अभ्यास छापला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले 46 रुग्ण त्यानं जोडीजोडीनं तपासले. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडांकडे तोंड असलेले रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना जहाल वेदनाशामकं कमी लागली. इथे झाडं फक्त दिसत होती. जपाननं 1982 पासून वनस्नानाला सरकारी पाठबळ दिलं. तिथे माणसानं रानात हळू चालणं, हुंगणं, ऐकणं अपेक्षित आहे, आणि त्यानं ताण आणि रक्तदाब उतरतो असं अनेक पाहण्यांत दिसलं आहे. तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बाग औषधाची जागा घेत नाही. स्वमग्नता किंवा स्मृतिभ्रंश बागेनं बरा होत नाही. त्या अवस्थेसह जगणाऱ्या माणसाचा आणि त्याला सांभाळणाऱ्या घरच्यांचा दिवस सुसह्य होतो, आणि एवढ्यासाठी बाग करणं मला पूर्ण योग्य वाटतं.

वासाचं तर वेगळंच आहे. डोळ्यांनी आणि कानांनी टिपलेलं मेंदूत एका मधल्या ठाण्यावरून पुढे जातं. वासाचा मार्ग मात्र भावना आणि आठवण सांभाळणाऱ्या भागांशी जवळपास थेट जोडलेला आहे. म्हणून नाव विसरलेली आजी निर्गुडीचं पान हुंगून माहेरच्या बाळंतिणीच्या शेक-शेगडीबद्दल बोलू लागते, हे अगदी शक्य आहे.

आता जामनेर. असं काही करायचं ठरलं की पहिली यादी रोपांची होते, आणि त्यात लव्हेंडर, रोझमेरी, हिरवळीचा गालिचा येतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो. ही रोपं दोन उन्हाळे काढणार नाहीत. पण माझी खरी हरकत वेगळी आहे. रोपांपासून सुरुवात करणं हीच चूक आहे. रानात वास, आवाज, खरखर, थंडावा हे सगळं आधीपासून भरलेलं असतं. अडचण असते ती हात तिथपर्यंत पोचण्याची. संवेदना उद्यान म्हणजे नव्वद टक्के पोचण्याची सोय, असं मी मानतो.

उदाहरणार्थ कठडा. बहुतेक ठिकाणी चकचकीत स्टीलच्या नळ्या लावतात. आपल्याकडच्या उन्हात अकरा वाजता त्या नळीला अंध मुलानं हात लावला तर तो पुन्हा तिथे येणार नाही. कठडा लाकडाचा किंवा जाड दोराचा हवा, सलग हवा, आणि नव्या झाडाशी पोचल्याचं कळावं म्हणून दोराला तिथे गाठ हवी. वाटेवर सुटी खडी नको, तीत खुर्चीची चाकं रुततात. एक फूट चढ असेल तर बारा फूट लांब उतार, हे प्रमाण पाळलं नाही तर टेकडीवरचं उद्यान निम्म्या लोकांना बंदच राहतं. सोनबर्डीसारख्या ठिकाणी म्हणूनच हा कोपरा माथ्यावर न करता पायथ्याशी करावा. वाट गोल फिरून पुन्हा फाटकाशी येणारी असावी, मध्येच संपणारी नसावी. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला समोर अचानक भिंत आली की घाबरायला होतं.

वाफे खुर्चीत बसलेल्याच्या हाताशी यावेत एवढे, म्हणजे दोन-अडीच फूट उंच बांधावे लागतात. उंच वाफा भर उन्हात झपाट्यानं वाळतो. पण ठिबक सिंचन घरोघरी पोचलेल्या जिल्ह्यात ही अडचण मोठी मानायचं कारण नाही.

आणि पाटी. आपल्या प्रत्येक बागेत ‘फुले-पाने तोडू नयेत’ लिहिलेलं असतं. इथे उलटी पाटी हवी : हात लावा, चुरगळा, हुंगा. ती मोठ्या देवनागरी अक्षरांत आणि ब्रेलमध्ये असावी. मग रोपंही ओरबाडणं सोसणारी निवडायची. तुळस, गवती चहा, पानओवा, सब्जा, निर्गुडी, अडुळसा यांना खुडलं की फांद्या वाढतातच. प्रत्येकाचे दोन वाफे ठेवायचे. एक वापरात असताना दुसरा विसावतो.

मोठी झाडं मात्र खानदेशच्या रानातलीच हवीत, आणि ती ऋतूप्रमाणे लावावीत, म्हणजे वर्षभर काही ना काही घडत राहील. सालईची साल कागदासारखी पापुद्र्यांनी सुटते आणि तिच्या डिंकाला धुपाचा वास असतो. सागाचं पान पॉलिश पेपरसारखं खरखरीत, आणि कोवळं पान तळहातावर चोळलं तर हात लाल होतो. ज्याला रंग दिसतो त्याच्यासाठी ती गंमत, ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी खरखर. अंजनाचं जोडपान चिमटीत धरून ओळखता येतं. हिवाळ्याअखेर काटेसावरीची जाड, मांसल फुलं धप्पकन पडतात आणि अंध मुलाला ती कुठे पडली हे ऐकू येतं. त्याच सुमाराला शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळायला लागतात. चैत्रात कडुनिंबाचा मोहर संध्याकाळी दरवळतो, पहाटे मोहाची फुलं टपटपतात. मेमध्ये वाळ्याचे पडदे टांगून त्यावर पाणी शिंपडलं की वास आणि गारवा एकाच वेळी अंगावर येतो. ही तर आपली जुनी घरगुती रीत आहे.

जूनसाठी काही लावायचीच गरज नाही. 1964 साली दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी पहिल्या पावसाच्या वासावर ‘नेचर’मध्ये लेख लिहिला. त्या वासातला मोठा वाटा मातीतले सूक्ष्मजीव तयार करतात त्या जिओस्मिनचा असतो, आणि माणसाचं नाक तो कल्पनेपलीकडे कमी प्रमाणात ओळखतं. त्यासाठी मोकळी काळी माती लागते. उद्यान करताना इंच न् इंच पेव्हर ब्लॉकनं झाकायची जी सवय आपल्या नगरपालिकांना लागली आहे, ती या वासावरच फरशी घालते. एक तुकडा मातीचा मोकळा सोडा आणि शेजारी पत्र्याचं छप्पर टाका. पावसाचा आवाज पत्र्यावर जेवढा ऐकू येतो तेवढा सिमेंटच्या छताखाली येत नाही.

काय लावू नये, हे इथे जास्त महत्त्वाचं. कण्हेर पाण्याशिवाय टिकते म्हणून सरकारी लागवडीत ती सगळीकडे दिसते, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. धोतरा, गुंज, खाजकुइली यांना इथे अजिबात थारा नको. गाजरगवत तर शोधून शोधून उपटावं लागेल. 1955 च्या सुमारास पुण्यात दिसलेलं हे तण आता आपल्या प्रत्येक बांधावर आहे आणि नुसत्या स्पर्शानं त्वचेचा दाह होऊ शकतो. चवीचा भाग, म्हणजे आवळा, चिंच, बोर, हा सोबत जाणती व्यक्ती असेल तेव्हाच. ज्या मुलाला आपण ‘पान तोंडात घाल’ शिकवतो, तो शेजारच्या झाडाचंही घालतो.

स्वमग्न मुलांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. त्यांच्यातल्या कित्येकांना वास आणि आवाज आपल्यापेक्षा कैक पटींनी बोचतात. मोगऱ्याच्या ताटव्याशेजारी कारंजं आणि त्याशेजारी स्पीकरवर गाणी, असा थाट त्यांना पळवून लावेल. एका वेळी एकच संवेदना, दोन वाफ्यांमध्ये रिकामं अंतर, आणि कुडाचा आडोसा असलेली एक शांत बसायची जागा, एवढं त्यांना लागतं. स्पीकर तर कुणासाठीच नको. पावशा ओरडत असताना गाणी कशाला?

हे कुणाच्या मेहेरबानीचं काम नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं धरली आहेत आणि त्याच्या 29 व्या कलमात करमणुकीचा, सांस्कृतिक जीवनाचा समान हक्क सांगितला आहे. नगर वनाच्या आराखड्यात हा कोपरा पहिल्या नकाशापासून असला तर खर्च किरकोळ वाढतो. नंतर पायऱ्या फोडून उतार करायचा म्हटलं की तोच खर्च अनेक पटींनी जातो.

आराखडा कागदावर येण्याआधी जिल्ह्यातल्या अंध शाळेतले शिक्षक, विशेष मुलांचे पालक आणि खुर्चीवर फिरणारी दोन-तीन माणसं यांना त्या जागेवर न्यावं आणि दोरी, चुना घेऊन वाट त्यांच्याकडूनच आखून घ्यावी. हे काम उन्हाळ्यात उरकलं तर जूनच्या पहिल्या चांगल्या पावसाला सालई, शिरीष आणि कडुनिंब खड्ड्यात जातील. रोशाचे ठोंब आणि वाळा मग जुलैत.

पुढच्या भागात : नगर वनातलं पाणी, आणि कांग नदीचा काठ.