दख्खनच्या वाटेवरील उन्हाळे

1975 च्या सुमारास वडिलांनी एक जुनी फियाट विकत घेतली तेव्हापासून, पुणे-बेळगाव रस्ता चौपदरी होऊन वाटेवरची गावे एकेक करून उड्डाणपुलांखाली किंवा वळणमार्गांआड जाईपर्यंतचा जो पाव शतकाहून थोडा अधिक काळ, त्यात आमच्या कुटुंबाचा उन्हाळा पंचांगातील ऋतूपेक्षा मुक्कामांवरूनच ओळखला जाई. एक मेला शाळेचा निकाल हाती पडला, की महसूल खात्यात नोकरीस असलेले वडील शिल्लक अर्जित रजा मंजूर करून घेत, गाडीच्या टपावर वळकट्या बांधल्या जात, आणि ऊन चढण्यापूर्वी कात्रजचा घाट मागे टाकावा या हिशेबाने आम्ही पहाटेच निघत असू. सातारा, कराड, कोल्हापूर आणि बेळगाव ही मुक्कामाची ठाणी वहिवाटीने कायम झालेली होती. आणि नात्यातली सर्वांत थोरली आत्या साताऱ्यासच राहत असल्यामुळे पहिला मान तिला देण्यासाठी वाट वाकडी करण्याचेही कारण पडत नसे.

त्या प्रवासाला वेग असा नव्हताच. खंबाटकीच्या चढावर इंजिनाचे पाणी हमखास उकळे. मग कडेला गाडी लावून, चाकांना धोंडे देऊन, ते निवेपर्यंत घाटाच्या कापलेल्या कड्याच्या सावलीत बसून राहावे लागे. मोटारीतून धावताना जो डोंगर नुसता काळा दिसतो तो जवळून पाहिला असता एकजिनसी नसतो, त्यात लाव्ह्याचे थरावर थर बसलेले असतात, कोठे खडक भरीव असतो, तर कोठे वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो आणि त्या छिद्रांत पांढरे स्फटिक भरलेले असतात, हे मला अशा सक्तीच्या थांब्यांमुळेच दिसू लागले. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी हा सारा प्रदेश त्या रसाखाली बुडाला होता, हे पुस्तकी ज्ञान पुष्कळ उशिरा आले. खडकाची ओळख त्याआधीच झाली होती.

या ओळखीचे छंदात रूपांतर झाले ते आत्याच्या वाड्यात. तिच्या माजघरात एक थोरले जाते होते, आणि दर उन्हाळ्यात, पापड-कुरडयांची धांदल सुरू होण्यापूर्वी, त्याला आणि पाट्या-वरवंट्याला टाकी लावून घेण्याचा शिरस्ता होता. ‘टाकी लावायची का टाकी’ अशी हाळी गल्लीत उठली, की आत्या पायरीवर येऊन पाथरवटीण बाईला ‘या गं बाई, आत या, आधी पाणी प्या’ म्हणून बोलावून घेई. बाई मांडी घालून बसे, जात्याची वरची तळी उलथून घेई, तळहात फिरवून कोठे गुळगुळीत झाले आहे ते चाचपी, आणि मग बोटभर लांबीच्या टाकीने मध्यापासून कडेपर्यंत असे एकसारखे टवके उडवी, की थोड्याच वेळात त्या झिजलेल्या दगडाला पुन्हा दात फुटत. ती हात उचलून जोराने मारीत नसे. टाकी किंचित तिरपी धरून हातोडीच्या स्वतःच्या वजनाने ती घाव पडू देई, आणि प्रत्येक घावाबरोबर टाकी बोटांत जरा फिरवून घेई. त्याच बाईने एका वर्षी, मी टक लावून पाहतो आहे हे ध्यानात घेऊन, फुटक्या पाट्याचा एक तुकडा आणि बोथट झालेली टाकी माझ्या हाती दिली. ‘दगडावर रागावायचं न्हाई, दादा,’ एवढाच तिचा उपदेश, आणि पुढे जी काही थोडी कारागिरी मला साधली तिच्या मुळाशी तेवढेच शिक्षण आहे.

पुढच्या उन्हाळ्यांत गाडीच्या डिकीत आंब्यांच्या पेटीशेजारी गोणपाटात गुंडाळलेल्या छिन्न्यांची जुडी कायमची आली. बेसाल्ट, ज्याला आपण काळा पाषाण म्हणतो, तो अवजारांना फार खातो. तासाभराच्या कामात पोलादी टोक बसते, आणि मग लोहाराच्या भात्यावर ती छिन्नी तापवून, ठोकून शेवटावी लागते आणि पुन्हा पाणी पाजावे लागते. पाणी जास्त झाले तर टोक ठिसूळ होऊन कपची उडते, कमी झाले तर ते मऊ राहून वळते. कराडच्या काकांच्या घरामागे एका लोहाराचे दुकान होते. तेथे लाल पोलाद गवतासारख्या पिवळ्या छटेवर उतरण्याची वाट पाहत बसलेल्या दुपारी मला आजही स्वच्छ आठवतात. दगड निवडताना त्यावर हातोडी वाजवून पाहावी. खणखणीत बोलला तर तो अंगाने अखंड, बद्द बोलला तर आत कोठे तरी चीर आहे असे समजावे. गेरूने रेघ मारावी, गुण्याने कोन तपासावा, आणि काम चालू असता दगड ओला ठेवून नाकातोंडास फडके बांधावे, कारण दगडाची भुकटी फुप्फुसात गेली की निघत नाही आणि या धंद्यातील कितीएक माणसे त्याच व्याधीने अकाली गेली आहेत. माझ्या हातून झाले ते दिवे, लहान खल, तुळशीपुढे ठेवण्याची एखादी कमलाकार बैठक, असे घरगुती काम. मूर्तीच्या वाटेस मी गेलो नाही.

हातात छिन्नी आल्यामुळे डोळ्यांस काय मिळाले ते मात्र सांगितले पाहिजे. साताऱ्याच्या अलीकडे भुईंजहून आत वळले, की चंदन-वंदन या जोडगडांच्या पायथ्याशी किकली हे गाव आहे; तेथील भैरवनाथाच्या मंदिराच्या आवारात वीरगळांची, म्हणजे झुंजीत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांची, मोठी रांग उभी आहे. आम्ही पूर्वी तेथे देवदर्शन करून परतत असू, दगडांकडे कोणी पाहत नसे. पुढे मी त्यांपैकी एकेका शिळेपुढे बसू लागलो. वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो: तळच्या चौकटीत गाईंच्या कळपापाशी पडलेला वीर, त्याच्या वर चाललेली झुंज, त्याहून वर दोन्ही बाजूंनी अप्सरा त्यास उचलून नेत आहेत, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करीत बसला आहे, आणि माथ्यावर सूर्य, चंद्र व कलश. लेख बहुधा नसतो, म्हणून त्या वीराचे नाव हरपलेले. परंतु गाईच्या पायांमधील जागा कोरणाराने किती खोल घेतली आहे, तेथे छिन्नी कोणत्या बाजूने आली असेल, कोठे खडकातले छिद्र आडवे आल्यामुळे त्याने हात आवरून घेतला आहे, हे पाहू लागल्यावर निदान त्या नामशेष पाथरवटाशी तरी परिचय होतो. राजाश्रयाच्या भव्य शिल्पांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. गावच्या गाई राखताना मेलेल्या माणसासाठी गावच्याच कारागिराने कोरलेल्या या शिळांचे मोल मला त्यांहून यत्किंचितही कमी वाटत नाही.

कोल्हापूरच्या मावशीकडील मुक्कामात एक दिवस खिद्रापूरसाठी राखलेला असे. कृष्णाकाठच्या त्या कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात, वरच्या वर्तुळाकार मोकळ्या छतातून येणारा उजेड खालच्या गोल शिळेवर पडतो, हे दृश्य सर्वपरिचित आहे. मंदिरास नंदी नाही, हेही प्रत्येक वाटाड्या सांगतो. शिलाहारांच्या काळातील हे काम, आणि बाहेर यादव सिंघणाचा शके 1136 चा लेख. मला तेथे अधिष्ठानावरील हत्ती पाहून विस्मय वाटे, कारण ज्या कठीण पाषाणाचा एक साधा दिवा घडवताना माझी छिन्नी पुनःपुन्हा भात्याकडे धाव घेई, त्याच जातीच्या पाषाणात या लोकांनी गळ्यातील घंटांचे साखळदुवे सोडवले होते. याच्या उलट अनुभव बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीत येतो. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या बिचिराज नामक मंत्र्याने 1204 मध्ये उभारलेल्या या जैन मंदिराचा दगड मऊ, हिरवट, तुळतुळीत, आणि छतातून खाली झुकलेल्या त्या प्रचंड कमळाच्या पाकळ्या जणू मेणात उमटवलेल्या. बेळगावच्या आसपास दख्खनचा काळा कातळ संपत येतो आणि त्यापुढे धारवाडकडील जुने खडक सुरू होतात. खाणीतून काढताना मऊ असलेला आणि उघड्यावर हळूहळू कठीण होणारा तो दगड हाती आला म्हणूनच चालुक्यांच्या व होयसळांच्या शिल्पींना दागिन्यांतील मणी न् मणी सुटा करता आला. शैलीचा इतिहास लिहिताना राजवंशांची वंशावळ जेवढ्या अगत्याने दिली जाते, तेवढ्याच अगत्याने खाणींचीही दिली जावी असे माझे ठाम मत आहे.

नंतर काळ पालटला. मिक्सर घरोघरी आले, टाकीची हाळी थांबली, आत्याचा वाडा पाडून तेथे सदनिका झाल्या. आत्या गेली, आत्तोबा गेले, आणि ज्या वडीलधाऱ्यांच्या पायावर डोके ठेवण्यासाठी आपण जातो असे आम्ही समजत होतो ते एकामागून एक नाहीसे झाल्यावर, भावंडांनी एकमेकांकडे कशासाठी उतरावे याचे सबळ कारण कोणापाशी उरले नाही. साताऱ्याहून पुण्याकडे येण्यास बोगदा झाला, रस्ता रुंद झाला, बेळगाव एका दिवसाच्या पल्ल्यात आले. म्हणजे मुक्कामाची गरजच संपली. पुष्कळ कुटुंबांची ये-जा याच टप्प्यावर आटून लग्नकार्यापुरती राहिली आहे. आमची आटली नाही याचे श्रेय मी निःसंकोचपणे दगडांना देतो. साताऱ्याच्या आत्तेबहिणीला किकलीच्या शिळांची रेखाटने करण्याची गोडी लागली, बेळगावचा चुलतभाऊ कन्नड लेख वाचून दाखवू लागला, मावसभावाच्या मुलीने कार्बाइडच्या टोकाच्या छिन्न्या आणल्या आणि माझ्या लोहारफेऱ्या संपवल्या. आता आम्ही एकमेकांकडे उतरतो ते सोबत काही पाहावयाचे आणि करावयाचे असते म्हणून, आणि त्या निमित्ताने वाड्यातल्या जुन्या गोष्टी, आजारपणे, मुलांच्या चिंता यांचे बोलणे आपोआप होते.

अलीकडे या फेऱ्यांत एक काळजी वाढली आहे. गावोगाव भक्तिभावाने जुन्या मूर्तींना आणि वीरगळांना ऑइलपेंट फासला जातो, मंदिरांच्या नूतनीकरणात शिळा उपटून फरसबंदीखाली घातल्या जातात, तर कोठे त्यांवर धुणे धुतले जाते. रंगाखाली छिन्नीचा माग बुजतो आणि तो खरवडून काढताना दगडाची कातडीही निघते. ग्रामस्थांशी बसून बोलले, ही शिळा तुमच्याच गावच्या वीराची आहे हे सांगितले, तर बहुतेक ठिकाणी ऐकले जाते. कित्येक गावांत तरुण मुलांनी आपण होऊन शिळा उभ्या करून, नुसत्या पाण्याने धुऊन सावलीत लावून घेतल्या आहेत. यंदाच्या मे महिन्यात गदगजवळच्या लक्कुंडीपर्यंत जाण्याचे ठरले आहे. तेथील काशीविश्वेश्वराच्या द्वारशाखा मावसभावाच्या मुलीने अद्याप पाहिलेल्या नाहीत, आणि परतताना साताऱ्यास दोन दिवस राहिल्याशिवाय पुढे जायचे नाही, असा आत्तेबहिणीचा निरोप आधीच येऊन पोहोचला आहे.