पारा, गाळ आणि जिवाणू

दगडी कोळशात पारा लेशमात्रच असतो, पण भट्टीत त्याची वाफ होते. सोलापूरजवळच्या एनटीपीसीच्या १,३२० मेगावॅट प्रकल्पासारख्या औष्णिक केंद्रांसाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये धुरातल्या पाऱ्यावर मर्यादा घातली ती त्यामुळेच : घनमीटरमागे ०.०३ मिलिग्रॅम.

हवेतला पारा पावसाबरोबर तळ्या-धरणांत उतरतो. खरी उलथापालथ होते ती तळच्या गाळात, जिथे प्राणवायू पोहोचत नाही. तिथे सल्फेटवर गुजराण करणारे काही जिवाणू पाऱ्याला मिथाइल गट जोडतात आणि मिथाइल मर्क्युरी हे कितीतरी घातक रसायन तयार होते. गाळातले सूक्ष्मजीव हे करतात, हे १९६९ मध्ये स्वीडिश संशोधकांनी दाखवले. त्यामागची ‘एचजीसीए’ आणि ‘एचजीसीबी’ ही जनुके हाती लागायला मात्र २०१३ उजाडले. छोट्या माशाकडून मोठ्या माशाकडे जाताना हे विष साठत जाते आणि खाणाऱ्याच्या मज्जासंस्थेवर घाला घालते. (जपानमधल्या मिनामाता इथल्या पारा-विषबाधेचा दोष जिवाणूंच्या माथी मारू नये. तिथे कारखान्याच्या सांडपाण्यातच मिथाइल मर्क्युरी होती.)

उलट दिशेने काम करणारे जिवाणूही आहेत. त्यांचे ‘मेरबी’ विकर कार्बन आणि पाऱ्याचा बंध तोडते. ‘मेरए’ सुटलेल्या पाऱ्याला धातुरूप देते आणि तो वाफ होऊन उडतो. नाहीसा होत नाही, जागा बदलतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील जयशंकर डे आणि एन. रामय्या यांनी पाऱ्याला दाद न देणाऱ्या सागरी जिवाणूंचा अभ्यास केला. त्यांतले काही कॅडमियम आणि शिसेही सोसतात.