परीक्षकांकडून रसिकांकडे

ट्राँबोन हें पितळी वाद्य. त्याची नळी मागेंपुढें सरकवून स्वर साधावे लागतात. पॅरिसच्या संगीतविद्यालयांत १८३६ सालीं त्याचा स्वतंत्र वर्ग निघाला आणि पुढें वार्षिक स्पर्धा-परीक्षेसाठीं, पियानोच्या साथीनें वाजविण्याच्या नव्या रचना संगीतकारांकडून करवून घेण्याची प्रथा पडली. ऑर्गनवादक गिल्माँ यांची १९०२ सालची अशी रचना आजही वाजविली जाते; परंतु इतर कित्येक रचना परीक्षेबरोबरच विस्मृतींत गेल्या. त्यांना परीक्षक लाभले, श्रोते मात्र लाभले नाहींत. नव्या ध्वनिमुद्रणाचें मोल येथेंच आहे. कपाटांतील स्वरलिपि मुकी असते. वादकाच्या श्वासानें व पियानोच्या संवादानें ती बोलूं लागते आणि तिचा निवाडा अखेर रसिकांच्या हातीं येतो.