ॲरिझोनाच्या वाळवंटात गारगोट्या वेचताना

ॲरिझोना राज्याच्या पश्चिम कडेला, कॅलिफोर्नियाच्या सीमेपासून सुमारे वीस मैलांवर क्वार्टझसाइट नावाचे गाव आहे. एरवी जेमतेम अडीच हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या या गावाभोवती जानेवारी-फेब्रुवारीत चाकांवरच्या घरांची प्रचंड वसाहत उभी राहते आणि दगड-खनिजांचे बाजार भरतात. गावातून दक्षिणेकडे जाणाऱ्या ९५ क्रमांकाच्या महामार्गावर काही मैल गेल्यावर पूर्वेला एक कच्चा रस्ता फुटतो. तो कोफा राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यातील क्रिस्टल हिल या टेकडीपाशी पोहोचतो.

गेल्या जानेवारीत आम्ही तेथे गेलो, तेव्हा सिन्नरहून आलेली आईही बरोबर होती. टेकडीच्या पायथ्याशी दहा-पंधरा मिनिटे हिंडल्यावर माझी मुलगी करंगळीच्या पेराएवढे काहीतरी लखलखते हातात धरून धावत आली. ‘आजी, क्रिस्टल!’ आईने ते उन्हात फिरवून पाहिले आणि म्हणाली, ‘अगं, ही तर गारगोटी. आमची विहीर खणताना अशा कितीतरी निघाल्या होत्या.’ दोघींचेही बरोबर होते. नातीच्या आणि आजीच्या शब्दांमध्ये जे अंतर होते, त्याचा शोध घेताना या छंदाविषयी बरेच काही कळत गेले. ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

गार, गारा आणि स्फटिक

आपण ‘स्फटिक’ म्हणतो तो शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. शास्त्रात मीठ, साखर, हिरा या साऱ्यांचेच स्फटिक असतात. व्यवहारात मात्र स्फटिकाची माळ म्हटले की जे खनिज डोळ्यांपुढे येते, ते क्वार्ट्झ. मराठीत त्याचे जुने नाव गार. आकाशातून पडतात त्याही गाराच. हा योगायोग फक्त आपल्याच भाषेत नाही. ‘क्रिस्टल’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला त्याचा मूळ अर्थ बर्फ, आणि अतिशय थंडीने कायमचे गोठलेले पाणी म्हणजेच हे खनिज, अशी प्राचीन युरोपात समजूत होती.

प्रत्यक्षात गार म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे संयुग. भूकवचाच्या खंडीय भागात फेल्डस्पारखालोखाल हेच खनिज सर्वांत विपुल आहे. खोलवरच्या खडकांतील भेगांमधून तप्त पाणी वाहते, तेव्हा त्यात सिलिका विरघळलेली असते. पाणी निवत जाते, तशी ती भेगांच्या भिंतींवर साचू लागते. भेग पूर्ण भरली तर पांढरी, अपारदर्शक शीर तयार होते. पोकळी शिल्लक राहिली, तरच सहा बाजूंचा, टोकाला निमुळता होत गेलेला स्फटिक वाढू शकतो. सुबक स्फटिकाचे मोल ते एवढ्यासाठीच. त्याला वाढायला मोकळी जागा आणि निवांत काळ, दोन्ही मिळावे लागतात.

मुलांना दाखवण्याजोगी एक गोष्ट येथेच सांगतो. दोन गारगोट्या कधीच हुबेहूब सारख्या नसतात. एकीची बाजू रुंद, तर दुसरीची अरुंद. तरीही शेजारच्या दोन उभ्या बाजूंमधला कोन नेहमी १२० अंशांचाच भरतो. स्फटिकांच्या कोनांची ही स्थिरता निकोलस स्टेनो याने १६६९ साली मांडली आणि स्फटिकशास्त्राचा पाया त्यातून घातला गेला. शाळेतला कोनमापक पुरेसा आहे. प्रयोग घरच्या टेबलावर करता येतो.

फिनिक्सच्या परिसरात चिप-उद्योगात काम करणाऱ्या मराठी अभियंत्यांना तर हे खनिज परके नाही. त्यांच्या कारखान्यातल्या सिलिकॉनचा उगम क्वार्ट्झमध्येच असतो. मनगटी घड्याळातला क्वार्ट्झचा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. दाब दिल्यास या स्फटिकावर विद्युतभार निर्माण होतो, हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले होते. घड्याळ चालते ते याच गुणधर्माच्या जोरावर.

वाळवंटच का?

गार सर्वत्र असते, पण दिसते ती वाळवंटात. पावसाळी प्रदेशात खडकावर माती आणि मातीवर झाडोरा असतो. येथे दोन्हींचा अभाव. खडक झिजतो तेव्हा त्यातले फेल्डस्पारसारखे घटक हळूहळू चिकणमातीत रूपांतरित होतात, गार मात्र टिकून राहते. काठिण्याच्या दहा पायऱ्यांच्या मोजपट्टीवर ती सातव्या पायरीवर आहे, आणि रासायनिकदृष्ट्याही ती सहजासहजी दाद देत नाही. वारा बारीक धूळ उडवून नेतो, अधूनमधून कोसळणारा पाऊस उतार धुऊन काढतो आणि शिरांमधून सुटलेले स्फटिक पृष्ठभागावर उघडे पडतात.

म्हणूनच जाणकार लोक पावसानंतरचे दिवस निवडतात आणि सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर, ऊन तिरपे असताना फिरतात. सूर्याकडे तोंड करून सावकाश चालावे. स्फटिकाची सपाट बाजू क्षणभर आरशासारखी चमकते. ती जागा नजरेआड होऊ न देता सरळ तेथवर जावे. अनेकदा हाती बाटलीची काच येते, पण काचेला नैसर्गिक सपाट बाजू नसतात आणि तिच्यात बारीक बुडबुडे दिसू शकतात. जिप्सम असेल तर त्यावर नखानेही ओरखडा उठतो. कॅल्साइटवर चाकूचा चरा पडतो. गार मात्र उलट काचेवरच चरा पाडते.

पायाखालची जमीन कोणाची?

या छंदात खरी चूक होते ती दगड ओळखण्यात नव्हे, तर जमीन ओळखण्यात. बाहेरून आलेल्याला सगळे वाळवंट सारखेच दिसते. कुंपण नाही, पाटी नाही, मैलोगणती माणूस नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्याचे अनेक तुकडे आहेत आणि प्रत्येकाचा नियम निराळा.

सर्वांत उदार नियम ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याच्या जमिनींवर आहेत. देशभरात सुमारे २४ कोटी ५० लाख एकर जमीन या खात्याकडे आहे. तिथल्या बहुतेक भागांत स्वतःच्या संग्रहासाठी, वाजवी प्रमाणात, हाताच्या साध्या अवजारांनी दगड-खनिजे गोळा करण्यास परवान्याची गरज नसते. यंत्रे आणि स्फोटके चालत नाहीत, आणि गोळा केलेले विकता येत नाही. अश्मीभूत लाकडासाठी तर मोजकी मर्यादा आहे. दिवसाला २५ पौंड आणि वर एक तुकडा, वर्षाला एकूण २५० पौंड. मात्र याच जमिनींवर १८७२ च्या खाण कायद्यानुसार खासगी व्यक्तींनी हक्क नोंदवलेले असू शकतात. अशा हद्दीतली खनिजे हक्कदाराची. म्हणून निघण्यापूर्वी खात्याच्या स्थानिक कार्यालयात चौकशी करणे श्रेयस्कर.

राष्ट्रीय उद्यानांत चित्र अगदी उलटे आहे. डेथ व्हॅली असो वा जोशुआ ट्री, तेथून खडा उचलणेसुद्धा निषिद्ध असून दंडाबरोबर सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मूलनिवासी जमातींच्या जमिनींवर त्यांच्या परवानगीशिवाय काहीही घेता येत नाही. बाणाची टोके, खापरे अशा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७९ च्या पुरातत्त्व कायद्याचे संरक्षण आहे आणि पृष्ठवंशीय प्राण्यांच्या जीवाश्मांना २००९ च्या कायद्याचे. आपल्यापैकी अनेक जण येथे व्हिसावर राहतात. अटक वा शिक्षा झाली होती का, हा प्रश्न व्हिसाच्या आणि नागरिकत्वाच्या अर्जांत विचारला जातो. एका खड्यासाठी त्याचे उत्तर बदलण्यात काही अर्थ नाही.

क्रिस्टल हिलचा नियम या दोन टोकांच्या मधला आहे. कोफा अभयारण्य १९३९ मध्ये वाळवंटी रानमेंढ्यांच्या रक्षणासाठी स्थापन झाले. त्याचे क्षेत्र साडेसहा लाख एकरांहून अधिक आहे. त्यातल्या केवळ या टेकडीच्या आसपासच्या लहानशा आखलेल्या भागात दगड वेचता येतात. तेही पृष्ठभागावरचेच. खणायचे नाही, कुदळ-फावडे किंवा धातुशोधक यंत्र जवळ बाळगायचे नाही. आणि बारा महिन्यांत एका व्यक्तीने दहा नग किंवा दहा पौंड, यांपैकी जे आधी भरेल तेवढेच न्यायचे. याउलट न्यू मेक्सिकोत डेमिंगजवळचे रॉकहाउंड स्टेट पार्क या छंदासाठीच आहे आणि तेथे माणशी १५ पौंडांपर्यंत दगड नेता येतात.

काही सावधगिरी

या भागात जाण्याचा काळ नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्यात येथील उष्णता जीव घेऊ शकते. हिवाळ्यातही माणशी दिवसाला किमान एक गॅलन पाणी गाडीत असावे, आणि मोबाइलचे जाळे मिळणार नाही असे गृहीत धरून कोठे जात आहोत, कधी परतणार, हे कोणाला तरी सांगून ठेवावे. जुन्या, सोडून दिलेल्या खाणींत डोकावू नये. आतली हवा विषारी असू शकते आणि लाकडी आधार कुजलेले असतात. कोफाच्या शेजारीच लष्कराचे युमा चाचणी क्षेत्र आहे आणि अभयारण्याच्या भूमीवरही पूर्वी लष्करी सराव झालेले आहेत. अनोळखी धातूच्या वस्तूला हात न लावता दूर व्हावे आणि अधिकाऱ्यांना कळवावे. दगड उचलण्यापूर्वी त्याखाली विंचू वा साप नाही ना, हे पाहावे.

आणखी एक गोष्ट दूरच्या राज्यांतून येणाऱ्यांसाठी. ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या मातीतल्या एका बुरशीमुळे ‘व्हॅली फीवर’ हा फुप्फुसांचा आजार होतो. ती धुळीतून श्वासावाटे शरीरात जाते. परतल्यावर काही आठवड्यांत ताप-खोकला सुरू होऊन लांबला, तर आपण वाळवंटात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

दख्खनची आठवण

आईच्या विहिरीतल्या गारगोटीचा जन्म मात्र क्रिस्टल हिलसारखा झालेला नव्हता. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले. निवणाऱ्या लाव्हात अडकलेल्या वायूंच्या बुडबुड्यांमुळे काळ्या दगडात पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिरपलेल्या पाण्याने गार, जांभळा ॲमेथिस्ट, ॲपोफिलाइट, स्टिलबाइट अशी खनिजे घडवली. एकोणिसाव्या शतकात बोरघाटातून रेल्वेमार्ग खोदताना अशा पोकळ्या उघड्या पडल्या. आज नाशिक, जळगाव, पुणे भागांतल्या दगडखाणींतून निघालेले नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. सिन्नरला तर याच खनिजांचे संग्रहालय असून त्याचे नावच ‘गारगोटी’ आहे.

एक दुवा दोन्ही देशांना जोडणारा आहे. कॅव्हनसाइट या गडद निळ्या खनिजाचे पहिले शास्त्रीय वर्णन १९७३ मध्ये झाले ते अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात सापडलेल्या नमुन्यांवरून. पण त्याचे सर्वांत देखणे नमुने मिळाले ते पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत. दरवर्षी जानेवारीअखेरीस ॲरिझोनाच्या टूसॉन शहरात भरणाऱ्या खनिजांच्या मोठ्या बाजारात हे निळे तुरे मांडलेले पाहिले, की आपल्या गावचा माणूस परदेशात अचानक भेटल्यासारखे वाटते.

दहावा नग

ॲरिझोनाच्या ईशान्य भागात पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे वृक्ष तेथे दगड होऊन पडले आहेत, आणि तो दगड मुख्यतः क्वार्ट्झच आहे. तेथून चोरून नेलेले तुकडे लोक कित्येक वर्षांनी टपालाने परत पाठवतात, सोबत क्षमापत्र जोडून. मात्र ते तुकडे मूळ जागी ठेवता येत नाहीत, कारण ती जागा नेमकी कोणती हे आता कोणालाच ठाऊक नसते. चुकीच्या जागी ठेवले, तर अभ्यासकांची दिशाभूल होईल. म्हणून त्यांचा एक वेगळा ढीग करून ठेवला आहे. पश्चात्तापाने दगड परत येतो, पण त्याचा ठावठिकाणा परत येत नाही.

क्रिस्टल हिलवर दुपारी मुलीने गाडीच्या टपावर रुमाल पसरून आपले दगड मोजले. चौदा भरले. नियम सांगताच तिचा चेहरा उतरला. ‘इथे बघायला कोण येतंय, बाबा?’ मी उत्तर देण्यापूर्वीच आई खाली बसली आणि म्हणाली, ‘चल, आपण निवडू या.’ दोघींनी एकेक दगड उन्हात धरून पाहिला. पाऊण तास गेला. शेवटी चार बाजूला निघाले, आणि मुलीने ते जिथे सापडले होते त्या उतारावर नेऊन ठेवले. ठेवलेल्या दहांत टोक मोडलेली एक दुधी गारगोटी होती. ती का ठेवलीस, असे मी विचारले. ‘ती आजीला सापडली,’ एवढेच तिने सांगितले.

घरी आल्यावर प्रत्येक दगडाला चिठ्ठी लावली. नाव, ठिकाण, तारीख. चिठ्ठीशिवाय गारगोटी हा केवळ एक खडा उरतो, हे आता तिला पटले आहे. तिच्या अक्षरात एका बाजूला इंग्रजीत ‘क्वार्ट्झ’ लिहिलेले आहे. दुसऱ्या बाजूला आजीने हात धरून गिरवून घेतलेले ‘गारगोटी’.