गोळी थोडीच वाढली, पातळी का उसळली?

फिट येण्याच्या आजारावर, म्हणजे अपस्मारावर, फेनिटॉइन हे जुने, स्वस्त आणि गुणकारी औषध आहे. मेरिट आणि पुटनम या अमेरिकी डॉक्टरांनी 1938 साली त्याचा उपयोग दाखवून दिला. परभणीसारख्या जिल्ह्यात आजही अनेक रुग्णांच्या पिशवीत ही गोळी सापडते. मात्र तिचा हिशेब सरळ नाही. तो समजायला अकरावी-बारावीच्या बीजगणितातली 'अनंतस्पर्शी रेषा' उपयोगी पडते.

बहुतेक औषधांचे गणित त्रैराशिकाचे असते. डोस दुप्पट केला की रक्तातील पातळीही दुप्पट होते. फेनिटॉइनचा निचरा यकृतातील एन्झाइम करतात आणि त्यांची रोजची क्षमता ठरलेली असते. समजा, 60 किलो वजनाच्या माणसाचे यकृत दिवसाला जास्तीत जास्त 420 मिलिग्रॅम औषध मोडू शकते, आणि रक्तात लिटरमागे 4 मिलिग्रॅम औषध असताना ते निम्म्या क्षमतेने काम करते. मग काही आठवड्यांनी स्थिरावणारी पातळी अशी निघते:

पातळी = (4 × रोजचा डोस) ÷ (420 − रोजचा डोस)

डोस 300 असेल तर पातळी 10. डोस 350 केला तर 20. उपचाराला योग्य पातळी साधारण 10 ते 20 असते. म्हणजे इथवर ठीक. आता आणखी 50 वाढवून डोस 400 केला, तर पातळी थेट 80! डोस 420 ला भिडला की छेद शून्य होतो. आलेखावर 420 पाशी उभी रेषा काढली, तर वक्र तिच्याजवळ जात वरवर चढतो, पण तिला कधीच टेकत नाही. हीच अनंतस्पर्शी रेषा. शरीरात याचा अर्थ एवढाच की पातळी स्थिरावतच नाही. गोळ्या चालू असेपर्यंत ती वाढत राहते.

मानवत, सेलूच्या मोंढ्यात कापसाच्या हंगामात हेच दिसते. रोजची आवक काट्याच्या क्षमतेच्या निम्मी असेल तर रांग छोटी राहते. आवक क्षमतेच्या जवळ गेली, की थोड्याशा जादा गाड्यांनीही रांग रस्त्यावर येते.

धोका असा की ही वाढ लगेच जाणवत नाही. डोस वाढवल्यावर पहिले काही दिवस बरे जातात. मग डोळे थरथरतात, एकाचे दोन दिसते, बोलणे जड होते, दारू प्यायल्यासारखा झोक जातो. घरच्यांना वाटते, आजारच बळावला. आणि कुणी आणखी एक गोळी देतो.

प्रत्येकाची ही रेषा वेगळ्या जागी असते. क्षयरोगावरील आयसोनियाझिड एन्झाइमना अडवते, म्हणजे रेषाच अलीकडे सरकते. डोस तोच राहूनही पातळी चढते. म्हणून दुसरे कोणतेही औषध सुरू करताना फिटच्या गोळीची चिठ्ठी दाखवावी. डोस वाढवायचा तर तो डॉक्टरांनीच, थोडा थोडा आणि गरजेनुसार रक्ततपासणी करून वाढवावा.

वरील लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मात्र घाबरून गोळी आपणहून एकदम बंद करू नये. तसे केल्यास एकामागून एक फिट येऊन जिवावर बेतू शकते.