ठराव कन्नडात, सह्या मराठीत

सीमाप्रश्न म्हटला की आमच्या डोळ्यांसमोर दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय उभे राहते. महाराष्ट्र शासनाने २००४ साली दाखल केलेला दावा, ८६५ गावांची मागणी, महाजन आयोगाने १९६७ साली केलेला अन्याय, यांवर देवळाच्या कट्ट्यावर तासन्तास चर्चा रंगते आणि ती रंगायलाही हवी. परंतु त्याच कट्ट्यावर, "मागल्या सभेत आपल्या ग्रामपंचायतीत कोणते ठराव झाले?" असा प्रश्न टाकून पाहावा. बहुतेक वेळा उत्तर येते, "झाले असतील काहीतरी, गटारीचे नाहीतर पाण्याचे." या 'झाले असतील'मध्ये आमच्या गावांचे बरेच काही वाहून चालले आहे आणि त्याची दाद मागायला दिल्लीला जावे लागत नाही.

ग्रामपंचायतीची सभा कशी चालते हे आमच्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असेल. सदस्यांना नोटीस येते ती कन्नडात. सभा भरते, हजेरीपुस्तक फिरते, त्यावर सह्या होतात. पीडीओसाहेब विषय वाचतात : मागील सभेचा वृत्तांत कायम करणे, जमाखर्चास मंजुरी, आलेल्या अर्जांचा विचार, पथदीप, घरफाळ्याची थकबाकी, वॉटरमनचा पगार, ऐनवेळचे विषय. मग चर्चा सुरू होते आणि ती अस्सल मराठीत होते. कुणाच्या गल्लीतला दिवा दोन महिने बंद आहे, कुणाच्या दारात सांडपाणी तुंबले आहे, बोअरची मोटार किती वेळा जळाली, यावर भांड्याला भांडे लागते. चहा येतो. सभा संपते. आणि या साऱ्या मराठी बोलण्याचा कन्नड सारांश, पुष्कळदा सभा उठल्यानंतर, प्रोसिडिंग बुकात लिहिला जातो. त्याला कन्नडात नडावळी म्हणतात. तोंडात मराठी आणि दप्तरात कन्नड, अशी ही दोन भाषांची पंचायत आहे. उद्या तक्रार झाली, चौकशी आली, कोर्टकचेरी झाली, तर तोंडातले कोणी विचारीत नाही. दप्तरातले तेवढे खरे ठरते.

हे पूर्वापार असे नव्हते. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत आमचा मुलूख मुंबई राज्यात होता आणि पंचायती १९३३ च्या मुंबई कायद्याखाली चालत. ज्या गावांतल्या वाळवीने जुने दप्तर शिल्लक ठेवले आहे, तेथे त्या काळचे मराठीतले ठराव आजही वाचता येतात. पुढे १९५९ चा म्हैसूरचा कायदा आला, १९८३ च्या कायद्याने मंडल पंचायती आल्या, १९९३ च्या कायद्याने आजच्या ग्रामपंचायती आल्या. दरवेळी पंचायतीचे अधिकार वाढत गेले आणि आमच्या माणसाची त्या कागदांवरची नजर मात्र कमी कमी होत गेली. अधिकार नसलेल्या पंचायतीचे कागद वाचता आले नाहीत तरी एक वेळ चालत होते. आता लाखो रुपयांची कामे या कागदांवर ठरतात.

एक उदाहरण सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण आमच्या भागातील अर्ध्याअधिक गावांना ते आपलेच वाटेल. २०१९ साली जलजीवन योजना सुरू झाली. माणशी रोज ५५ लिटर पाणी, घरोघरी नळ, असा तिचा हेतू. या गावात पाइप पुरण्यासाठी सिमेंटचे चांगले रस्ते फोडले. नळ बसले, काही गल्ल्यांत पाणी आले, वरच्या गल्लीत आलेच नाही. फोडलेले रस्ते तसेच राहिले. लोक ठेकेदाराला शिव्या देत राहिले. वर्षभराने काही जाणती माणसे तालुक्याच्या कार्यालयात गेली, तेव्हा त्यांच्यापुढे पंचायतीचा ठराव ठेवण्यात आला : काम समाधानकारक पूर्ण झाले आहे आणि योजना पंचायतीने सर्वानुमते ताब्यात घेतली आहे. खाली सदस्यांच्या सह्या. सगळ्या मराठीत, ठसठशीत.

सदस्यांना विचारले तेव्हा प्रत्येकाचे म्हणणे एकच, "सही हजेरीची म्हणून केली." यात खोटे काही नसावे. पण योजना ताब्यात घेतली याचा अर्थ असा की, आता मोटार जळो, पाइप फुटो, वरच्या गल्लीला पाणी न मिळो, तो खर्च आणि ती डोकेदुखी पंचायतीची, म्हणजे पाणीपट्टी भरणाऱ्या आम्हा सर्वांची. झालेला ठराव फिरवणे हे नवा ठराव करण्याइतके सोपे नसते. वरच्या गल्लीतल्या बायका अजून खालच्या विहिरीवरून कळशीने पाणी आणतात आणि कागदावर त्यांच्या घरी नळ आहे.

आमच्यातला कोणी म्हणेल, हा कन्नड सक्तीचा परिणाम. तो आहेच. पण एवढेच म्हणून थांबलो तर त्या बायकांच्या डोक्यावरची कळशी उतरत नाही. त्या ठरावातला मुख्य शब्द होता 'हस्तांतर'. कन्नडातही हस्तांतरच. 'सर्वानुमत'ही तोच. शब्द आमच्या ओळखीचे होते, अडले ते लिपीपाशी.

शब्द ओळखीचे, लिपी परकी

आम्ही शाळामास्तर माणसे, त्यामुळे शब्दांची मोजदाद करण्याची खोड जात नाही. कधी सवड काढून पंचायतीची कन्नड नोटीस कुणाकडून मोठ्याने वाचून घ्यावी आणि कान देऊन ऐकावी. सभे म्हणजे सभा. हाजराती म्हणजे हजेरी. अर्जी, मंजुराती, जमाखर्च, दुरस्ती, रस्ते, खाते, दिनांक, अध्यक्षरू. कचेरीची कन्नड भाषा ही अर्धी संस्कृतातून आणि बरीचशी मराठी अमदानीतल्या दप्तरातून आलेली आहे. अडणारे शब्द थोडे : तेरिगे म्हणजे कर, नीरू म्हणजे पाणी, मने म्हणजे घर, चरंडी म्हणजे गटार, फलानुभवी म्हणजे लाभार्थी. असे चाळीस-पन्नास शब्द आणि अक्षरओळख एवढ्या शिदोरीवर पंचायतीचा ठराव कशाचा आहे हे कोणालाही कळू शकते. कन्नड साहित्य वाचायचे आहे कुठे?

हे लिहिताना आम्हाला १९८६ ची आठवण आहे. त्या वर्षी १ जूनला कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात आमच्या भावांनी गोळ्या झेलल्या. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापुढे दरवर्षी आम्ही मान झुकवतो. म्हणून समितीच्या काही बैठकांत हा विषय निघाला की एखादा ज्येष्ठ कार्यकर्ता तडकतो, "मग कशाला लढलो?" त्यांचा राग आम्हाला कळतो. परंतु सक्ती आणि वाचता येणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. समोरच्याने काय लिहून घेतले हे वाचता येणे ही लढणाऱ्याची गरज असते. शिवाय आता प्रत्येक घरात कन्नड वाचणारे कोणीतरी आहेच. २०१५ च्या कायद्याने पहिलीपासून टप्प्याटप्प्याने कन्नड विषय सर्व शाळांत आला आहे आणि मराठी माध्यमातली सातवी-आठवीतली पोर तो कागद घडघड वाचते. तिला अर्थ सगळा लागणार नाही, पण वाचील तर खरी. अर्थ आजोबांना लागेल.

सदस्य बायकांबद्दल थोडे अधिक लिहायला हवे. कर्नाटकात २०१० पासून पंचायतीच्या निम्म्या जागा महिलांना आहेत. आमच्या गावांत त्यामुळे अनेक मराठी माहेरवाशिणी आणि सुना निवडून आल्या. सुरुवातीला त्यांचे यजमानच शेजारच्या खुर्चीवर बसत आणि बोलत. काही ठिकाणी अजूनही बसतात. पण आमचा अनुभव असा, की "हे काय लिहिलंय ते आधी वाचून दाखवा, मग सही करते" हे वाक्य आमच्या भागातल्या सभांतून प्रथम ऐकू आले ते बायकांच्या तोंडून. बचत गटाची वही सांभाळलेल्या बाईला माहीत असते की लिहिलेली ओळ आणि बोललेली ओळ यांत पैसे हरवतात. पुरुष सदस्याला विचारायची लाज वाटते, कारण आपल्याला कन्नड येत नाही हे उघडे पडेल. बाईला ती लाज परवडत नाही, तिला घरी जाऊन पाणी भरायचे असते.

हक्काच्या गोष्टी

आता हक्काकडे वळू, कारण वाचायला शिकले म्हणून हक्क सोडायचा नाही. घटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकाला आपले गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याकडे लेखी मांडता येते. म्हणजे दिव्याचा, पाण्याचा तक्रारअर्ज मराठीत द्यावा आणि आवक क्रमांकासह पोच मागावी. 'कन्नडात आणा' असे सांगून तो परत करता येत नाही. उत्तर मराठीतच मिळेल असे मात्र ते कलम म्हणत नाही, हेही ध्यानात ठेवावे. जेथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक आहेत तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्याही भाषेत काढाव्यात, असे १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत सर्व राज्यांनी मान्य केले होते. आमच्या गावांत आम्ही पंधरा टक्के नव्हे, कित्येक ठिकाणी पंच्याऐंशी टक्के असू. परंतु ती मान्यता म्हणजे कायदा नव्हे आणि राज्यकर्त्यांनी तिचा तेवढाच मान ठेवला आहे.

माहितीच्या अधिकाराची गोष्ट जरा वेगळी आहे आणि तिथे आमची माणसे हमखास अडतात. २००५ च्या त्या कायद्यात अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करावा असे म्हटले आहे. मराठीतला अर्ज त्यामुळे बाजूला सारता येतो. मग हिंदीत लिहावा. लिपी आपलीच, शाळेत शिकलेले हिंदी त्याला पुरते. कर्नाटकच्या नियमांप्रमाणे दहा रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. अमुक तारखेच्या सभेच्या नडावळीची प्रत मागायला एवढे शब्द लागतही नाहीत. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

न्यायाने बोलायचे तर हे दुखणे एकट्या आमचे नाही. सोलापूरच्या अक्कलकोट आणि सांगलीच्या जत तालुक्यांत कन्नड बोलणारी गावे आहेत, तेथील म्हातारा माणूस मराठी ठरावाकडे असाच पाहत असेल. आपण जे येथे मागतो ते त्याला तेथे मिळायला हवे, असे म्हणायला आमची जीभ अडखळू नये. गोव्याने १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणीला राजभाषा करताना मराठीच्याही शासकीय वापराची सोय ठेवली. म्हणजे इच्छा असली की दोन भाषांचे दप्तर जगात अशक्य नसते.

राहिली ग्रामसभा. सदस्यांवर तोंडसुख घेणारे आम्ही सारे ग्रामसभेचे कायदेशीर सभासद आहोत हे सोयीस्कर विसरतो. वॉर्डसभा आणि ग्रामसभा सहा महिन्यांतून किमान एकदा घ्याव्या लागतात. घरकुलाचे लाभार्थी कोण, पुढच्या वर्षीची कामे कोणती, हे तेथे ठरायचे असते. पंचायतीत निवडलेले सदस्य असोत वा प्रशासक बसलेला असो, मतदारांची ही सभा मतदारांचीच राहते. गणसंख्या म्हणजे मतदारांचा एकदशांश किंवा शंभर जण, यांपैकी जे कमी असेल ते. शंभर माणसे! मराठमोळ्या कुस्तीच्या फडाला आमच्याकडे यापेक्षा जास्त माणसे झाडावर बसलेली असतात. तरीही सभा शाळेच्या व्हरांड्यात पंचवीस जणांत उरकते आणि शंभरांची हजेरी मागाहून घरोघरी फिरून पुरी होते. उद्योग खात्रीच्या कामांच्या याद्या अशाच पंचवीस जणांत ठरताना आम्ही वर्षानुवर्षे पाहिल्या.

म्हणून यंदाच्या वॉर्डसभांसाठी आमच्या भागातील समितीच्या शाखांनी एक साधी गोष्ट ठरवली आहे. प्रत्येक गल्लीतून दोघे जण जातील, त्यांतली एक बाई असेल आणि बरोबर कन्नड वाचणारे एक पोर असेल. सभा संपताना ठराव तेथल्या तेथे वाचून दाखवण्याची, त्याचा मराठी अर्थ सांगण्याची मागणी ते करतील. शेवटच्या ठरावाखाली रेघ ओढली जाईल आणि सह्या त्या रेघेखाली होतील, कोऱ्या पानावर नाही. ज्याला ठराव मान्य नसेल त्याने सहीपुढे 'विरोध' हा शब्द लिहावा. तो मराठीतही तोच आहे आणि कन्नडातही. तारखा पंचायतीच्या फलकावर लागतात. फलक कन्नडात असेल, पण आकडे बहुधा इंग्रजी असतात, तेवढे तरी जाता-येता पाहावेत.